तापली की चढ सोडते: गवत कापायच्या ट्रॅक्टरच्या हायड्रोस्टॅटिकमध्ये नेमकं कोणतं ऑइल टाकायचं?

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्राबागांत आणि ताडोबा-पेंचकडच्या रिसॉर्टांत बसून चालवायचे गवत कापणारे छोटे ट्रॅक्टर आता दिसू लागलेत. बहुतेक जुने, कुणाकडून तरी घेतलेले, पुस्तक केव्हाच हरवलेलं. क्लच नाही, गिअर नाही, पायाखालच्या पेडलवर पुढे-मागे जाणारे. त्यांच्यात ऑइलच्या दाबाने चाकं फिरवणारं जे युनिट असतं, तेच हायड्रोस्टॅटिक. आणि त्यांच्याबद्दल तक्रार येते ती जवळजवळ एकाच शब्दांत: "भाऊ, सकाळी मस्त धावते. अर्ध्यापाऊण घंट्यानं धुऱ्याच्या चढावर बसते. पेडल पुरं दाबलं तरी सरकत नाही. थंडी झाली का पुन्हा चालते."

त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: "ऑइल बदललं, तरी तेच."

कोणतं टाकलं, असं विचारलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं. "हायड्रोलिक आहे ना, म्हणून अडुसष्ट नंबर." किंवा, "गिअरबॉक्स आहे ना, म्हणून नव्वद नंबर." दोन्ही उत्तरं ऐकायला बरोबर वाटतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पंप खराब झाला असं समजून हजारो रुपयांचं युनिट बदलायला निघालेल्या माणसाने आधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय.

तापल्यावरच का बसते

इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. पंपातले छोटे पिस्टन एका तिरप्या होणाऱ्या तबकडीवर टेकून फिरतात. पेडल दाबलं की तबकडी कलते, पिस्टनची धाव वाढते, ऑइल दाबाखाली मोटरकडे जातं आणि मोटर चाकांना फिरवते. तबकडी उलट्या बाजूला कलली की गाडी मागे येते. पंप आणि मोटर यांच्यात दुसरा कोणताही जोड नाही. ताकद पोचवणारं काय ते ऑइलच.

पिस्टन आणि त्याच्या घराच्या मधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. तिथून थोडं ऑइल निसटतं आणि ते निसटायलाच हवं, त्यावरच वंगण होतं. पण ऑइल तापून पातळ झालं की निसटणं वाढतं. निसटलेल्या ऑइलचा दाब कामी न येता उष्णतेत जातो, त्यामुळे ऑइल आणखी तापतं, आणखी पातळ होतं. म्हणून गाडीची ताकद आधी थोडी थोडी कमी होते आणि मग एकदम जाते. नवीन युनिटमध्ये फटी घट्ट असतात, तिथे ऑइलची चूक काही काळ लपते. जुन्या युनिटमध्ये लपत नाही.

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रिसॉर्टचं किंवा कॉलेजचं लॉन त्या दिवसांतही कापावं लागतं. सावलीत ४५ असेल तर सीटखाली, इंजिनच्या गरम हवेत बसलेल्या युनिटभोवती किती असेल याचा विचार करा. थंड मुलखात जी चूक खपून जाते ती आपल्याकडे खपत नाही.

ऑइलचा डबा आणण्याआधी

तक्रार नीट ऐकली तर अर्धं काम होतं. गाडी थंड असतानाही कमजोर आणि तापल्यावरही कमजोर असेल तर संशय ऑइलवर नको, बायपासवर घ्या. गाडी हाताने ढकलता यावी म्हणून मागच्या बाजूला एक लिव्हर किंवा दांडी असते. गाडी बंडीत किंवा पिकअपमध्ये चढवताना ती ओढतात आणि नंतर पूर्ण आत बसवत नाहीत. अर्धवट उघडा बायपास म्हणजे दाब परस्पर फिरतोय. दांडी गंजून अडकलेलीही सापडते. एकाच दिशेला कमजोर असेल, म्हणजे पुढे ठीक आणि मागे नाही किंवा उलट, तर त्या दिशेचा चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच बाजूने जाऊ देणारी झडप) किंवा पेडलची लिंक पाहावी लागेल. ऑइल दोन्ही दिशांना एकच असतं. गाडी झटके देत चालते आणि कुईंऽऽ असा आवाज करते, तर आत हवा आहे.

पट्टा पाहायचाच. चकचकीत झालेला, कडेने सोललेला पट्टा भार आला की घसरतो. त्यावर ऑइल-ग्रीस उडालं असेल तर जास्तच. जळक्या रबराचा वास आला तर उत्तर तिथेच मिळालं. ताण देणारी स्प्रिंग सैल पडली आहे का तेही पाहा. इंजिन चालू असताना खाली हात किंवा तोंड घालून पुली पाहायची नाही. इंजिन बंद, चावी खिशात, प्लगची वायर काढलेली, मगच खाली वाका.

आता पंखा. हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच संपायला हव्यात. पंपाच्या पुलीवर एक प्लास्टिकचा पंखा असतो. त्याखाली युनिटच्या अंगावर उष्णता बाहेर टाकायला पात्यांसारखे फिन असतात. गाजरगवताचा भुसा, हराळीचे तुकडे आणि काळ्या मातीची धूळ त्यांच्यावर बसते. सीलमधून थोडं ऑइल झिरपत असेल तर या सगळ्याचा थर होतो आणि तो वाळून कडक होतो. अशा युनिटला अंगावर घोंगडी घेऊन उन्हात काम करायला लावल्यासारखं होतं. पंख्याची दोन पाती तुटलेली असली तरी कुणी बदलत नाही, कारण गाडी तर चालतेय. लाकडी पट्टीने आणि ब्रशने थर खरवडा, मग हवेने उडवा. गरम युनिटवर थेट पाण्याचा फवारा मारू नका. श्वास घ्यायच्या भोकातून आणि सीलमधून पाणी आत जातं, आणि मग ऑइल खरंच बदलावं लागतं. तुटलेला पंखा नवा घाला, ती खर्चाची गोष्ट नाही.

शेवटी पातळी. वरच्या टाकीवर रेघ असेल तर ती थंड ऑइलसाठी आहे. गरम असताना रेघेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर कमी पडतं. थंड असताना रेघेच्या वर भरलं तर तापून फुगल्यावर बाहेर येतं, आणि मालकाला वाटतं सील गेलं.

जुनं ऑइल आधी वाचा

ऑइल काढलं तर फेकू नका. थोडं काचेच्या बाटलीत धरा आणि उजेडात पाहा. दुधाळ दिसत असेल तर हवा आहे किंवा पाणी. बाटली काही तास ठेवली की हवेचे बुडबुडे वर येऊन ऑइल निवळतं. पाणी असेल तर दुधाळपणा राहतो किंवा पाणी तळाशी बसतं. खात्री करायची तर जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर, चेहरा दूर ठेवून एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे.

काळं आणि जळक्या वासाचं ऑइल म्हणजे ते बराच काळ फार तापत राहिलंय. ज्या युनिटात चुंबक असतो त्यावर राखाडी लेप जमणं नेहमीचं. चमकणारे तुकडे दिसले, विशेषतः पितळी रंगाचे, तर आतली झीज सुरू झाली आहे, आणि ऑइल कितीही चांगलं आणलं तरी ती भरून निघत नाही. हे ग्राहकाला आधीच सांगितलेलं बरं.

नंबरचा घोळ

दुकानात ४०, ५०, ६८, ९० असे नंबर एका रांगेत ठेवलेले असतात, म्हणून आपण ते एकाच मापाचे समजतो. मोठा नंबर म्हणजे घट्ट ऑइल. पण ही तीन वेगवेगळी मापं आहेत.

सर्वो सिस्टम ६८ किंवा एन्क्लो ६८ या हायड्रोलिक ऑइलांतला ६८ हा आयएसओ नंबर. ४० अंश सेल्सिअसला ते ऑइल साधारण ६८ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) घट्ट आहे, एवढंच तो सांगतो. इंजिन ऑइलमधला ५० हा एसएई नंबर, आणि तो १०० अंशांवर मोजतात. १०० अंशांवर ५० नंबरचं इंजिन ऑइल १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावं लागतं. त्याच १०० अंशांवर आपलं अडुसष्ट नंबर साधारण साडेआठ-नऊवर येतं. म्हणजे जवळपास निम्मं. नंबर मोठा, पण काम करायच्या तापमानाला ऑइल पातळ.

"सकाळी मस्त, दुपारी बसते" याचं कारण हेच. जेसीबीला अडुसष्ट नंबर चालतं, कारण तिथे ऑइलची टाकी मोठी आहे, कूलर आहे, आणि पंपाची रचनाच त्या ऑइलसाठी केलेली आहे. इथे दोन-अडीच लिटर ऑइल ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यात फिरतंय आणि कूलरच्या नावाने एक प्लास्टिकचा पंखा आहे.

नव्वद नंबरचं उलट आहे. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी. तिथला ९० हा १०० अंशांवर १३.५ पासून सुरू होतो, आणि हल्लीच्या प्रमाणानुसार १८.५ च्या आत संपतो. म्हणजे ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकाच. घट्टपणा वाटतो तेवढा जास्त नाही. अडचण त्यातल्या औषधांची आहे. जीएल-५ प्रकारच्या गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची औषधं भरपूर असतात. गिअरच्या दातांना ती हवीच असतात, पण तापमान चढलं की पितळ आणि कांस्याच्या भागांना ती त्रास देऊ शकतात. पिस्टन पंपात असे भाग असतात. त्यामुळे गिअरबॉक्स म्हणून नव्वद नंबर टाकायचं नाही.

लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, पुस्तकात लिहिलेलं नसेल तर टाकू नका. १०० अंशांवर ते अडुसष्टपेक्षाही पातळ असतं. डिझेल पंपाला टाकतात ते साधं ४० नंबर इथे का नको? ते एकाच ग्रेडचं असतं. डिसेंबरच्या पहाटे घट्ट पडतं, पंपाला ते ओढायला जड जातं, आवाज येतो, आणि ओढता न आल्याने ऑइलात पोकळी पडून पंपाला इजा होते.

२०डब्ल्यू-५० सारख्या नावात डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यावरून फार भांडू नका. तो थंडीचा आकडा. २०डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे १५ अंशांवर इंजिन फिरवून आणि उणे २० अंशांवर पंप करून घेतात. नागपूर-अमरावतीत कडाक्याच्या थंडीतही तो दिवस येत नाही. आपल्याला पाहायचा आहे मागचा आकडा.

मग टाकायचं काय

आधी युनिट कोणाचं आहे ते शोधा. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं नाव कामाचं नाही. त्याच नावाच्या ट्रॅक्टरात वर्षागणिक वेगळी युनिटं आली आहेत. मागच्या चाकांच्या मधे, युनिटच्या अंगावर एक स्टिकर किंवा पत्रा असतो. माती पुसून त्याचा फोटो काढा. मॉडेल नंबर मिळाला की कंपनीचं पुस्तक मोबाइलवर मिळतं.

हायड्रो-गिअर आणि टफ टॉर्क या अशी युनिटं बनवणाऱ्या कंपन्या. हायड्रो-गिअरच्या लहान युनिटांना बहुतेक ठिकाणी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल सांगितलेलं असतं, काहींना १५डब्ल्यू-५० सिंथेटिक. टफ टॉर्कच्या के४६ सारख्या युनिटांना ५डब्ल्यू-५० सिंथेटिक. जुन्या काही पुस्तकांत १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल दिलेलं आहे. वाचून लोक दचकतात: हायड्रोलिकमध्ये इंजिन ऑइल? हो. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखणारी, फेस मोडणारी, गंज रोखणारी औषधं असतात आणि १०० अंशांवर ते पुरेसं घट्ट राहतं. युनिट बनवणाऱ्यांनीच ते ठरवलंय.

वीस-पन्नास आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळतं. डब्याच्या मागे एसएई २०डब्ल्यू-५० लिहिलंय का, एपीआय ग्रेड (ऑइलच्या दर्जाची खूण) पुस्तकात मागितल्याइतकी किंवा वरची आहे का, हे वाचून घ्या. समोर काय चित्र आहे ते सोडा. बाइकसाठी सगळीकडे मिळतं ते २०डब्ल्यू-४० दुकानदार "चालते भाऊ" म्हणून देतो. पुस्तकात ५० असेल तर घेऊ नका. १०० अंशांवर ४० ची वरची हद्द जिथे संपते तिथे ५० सुरू होतो, आणि जुन्या युनिटला तो फरक जाणवतो. पिंपातलं सुटं ऑइल या कामाला अजिबात नको, कितीही ओळखीचं दुकान असो. सीलबंद डबा घ्या आणि पुस्तकात सांगितलंय त्यापेक्षा एक लिटर जास्त घ्या.

कुबोटा, जॉन डिअरसारखे मोठे कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर असतील तर गोष्ट वेगळी. तिथे एकच ऑइल हायड्रोस्टॅटिकला, गिअरला, उचलायच्या हायड्रोलिकला आणि ऑइलात बुडालेल्या ब्रेकला चालवतं. कुबोटाचं सुपर यूडीटी, जॉन डिअरचं हाय-गार्ड ही त्याच कामाची ऑइलं. दुकानात यूटीटीओ नावाने मिळणाऱ्या ट्रॅक्टर ऑइलच्या डब्यावर पुस्तकातलाच कोड, उदाहरणार्थ जे२०सी, छापलेला असेल तरच तो घ्या. अशा ट्रॅक्टरात वीस-पन्नास ओतलं तर ब्रेक किंचाळतात किंवा नीट धरत नाहीत.

आणि मिसळ करायची नाही. आत अडुसष्ट आहे, वरून एक लिटर वीस-पन्नास टाकू, असं केलं तर घट्टपणा कुठेतरी मधेच राहतो आणि औषधं एकमेकांशी जुळतील याची खात्री नसते. आत काय आहे ते माहीत नसेल तर पूर्ण काढा.

काढणं, भरणं, हवा काढणं

लॉन ट्रॅक्टरच्या बऱ्याच युनिटांना खाली ड्रेन प्लगच नसतो. युनिट गाडीतून उतरवून, उलटं करून, भरायच्या भोकातूनच ऑइल काढावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण सिरिंजने वरवरचं ओढून काढलं तर खालचं जुनं ऑइल तसंच राहतं. चुकीचं ऑइल भरलेलं असेल तर मी नवं भरून, थोडं फिरवून, पुन्हा एकदा काढायला सांगतो. जास्तीचा लिटर त्यासाठीच. फिल्टर असेल तर त्याच युनिटचा नवा घाला. मापात बसतो म्हणून बाइकचा फिल्टर लावू नका, त्याची जाळी आणि आतला व्हॉल्व्ह वेगळ्या कामाचा असतो. झाकण उघडायच्या आधी भोवतालची माती पुसा. काळ्या मातीचा एक खडा आत गेला तरी पंपाला पुरे.

नवं ऑइल भरून थेट वावरात नेलेली गाडी त्याच दिवशी परत येते, कारण आत हवा राहिलेली असते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पुढची चाकं अडवा, मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून पक्क्या स्टँडवर टेकवा. विटांवर नको. बायपास उघडा, इंजिन हळू चालवा, पेडल सावकाश पुढे, सावकाश मागे, असं पाच-सहा वेळा. इंजिन बंद, बायपास पूर्ण बंद, आणि तेच पुन्हा. कुईं आवाज कमी होत जातो. मग थंड झाल्यावर पातळी पाहा. हवा निघाली की ती उतरते. रेघेपर्यंत भरा. आवाज राहिला तर हेच पुन्हा करायचं.

काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका. बंद डब्यात ठेवून गॅरेजवाल्याला द्या.

एवढं करूनही बसत असेल तर

बायपास ठीक, पट्टा ठीक, फिन स्वच्छ, पंखा नवा, ऑइल पुस्तकातलं, हवा काढलेली, आणि तरी तासाभराने चढ सोडते? मग झीज आहे. अशा वेळी आणखी घट्ट ऑइल टाकून हंगाम काढायचा मोह होतो. पुस्तकात १०डब्ल्यू-३० असेल आणि कंपनीने नंतर त्याच युनिटला ५०चं ऑइल मान्य केलं असेल, तर जरूर जा. त्याच्या पलीकडे, ६० किंवा १४० नंबरपर्यंत, जाऊ नका. थंड असताना पंपाला असलं ऑइल ओढता येत नाही आणि उरलेला जीवही जातो.

त्याआधी मालकाला एक प्रश्न विचारा: या गाडीला मागे काय लावता? बागेत ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या झाडांच्या ओळींमधून तिला डवरा ओढायला लावलेला असतो, कधी संत्र्याचे क्रेट भरलेली ट्रॉली. लॉनची हलकी युनिटं जमिनीत घुसणारं अवजार ओढायला बनवलेलीच नाहीत. ओल्या काळ्या जमिनीत तर रिकामी गाडीसुद्धा चाकाला चिकटलेल्या मातीचं ओझं वाहत असते. डवरा बैलांना किंवा पॉवर टिलरला लावा. गुडघाभर वाढलेलं गवत एकदम बुडापासून न कापता आधी उंचावरून, मग खाली, असं दोनदा कापा. मे महिन्यात काम पहाटे आणि संध्याकाळी उरका.

युनिट बदलायचंच ठरलं तर दुकानदाराला ट्रॅक्टरचं नाव न सांगता पत्र्यावरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. काही मोठ्या युनिटांचे पंप-मोटरचे भाग सुटे मिळतात, लहान सीलबंद युनिट मात्र बहुधा अख्खंच घ्यावं लागतं. नवं बसवल्यावर आत कोणतं ऑइल भरलं आणि कोणत्या तारखेला, हे सीटखालच्या पत्र्यावर पक्क्या मार्करने लिहून ठेवा. पुढचा मेकॅनिक दुसरा असेल आणि त्याच्याही दुकानात अडुसष्ट नंबरचा डबा असेलच.